जुन्या गाडीची खरी किंमत पॉलिसीवर लिहा

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

विषय : जपलेल्या जुन्या मोटारींचा विमा, अपघाताचा क्लेम आणि त्यानंतरचे नूतनीकरण

महोदय,

मागणी आधी सांगते आणि कारणे मागाहून देते. जुन्या, जपलेल्या खासगी मोटारीची किंमत विमा उतरवतानाच मालक आणि कंपनी यांनी गाडी पाहून, मिळून ठरवावी. ती पॉलिसीवर लिहावी आणि अपघात झाला तर तीच धरावी. आज पॉलिसीवर येणारा आकडा गाडी न पाहता, घसाऱ्याच्या सवयीने येतो. त्या आकड्याचा खरा अर्थ मालकाला कळतो तो गाडी गॅरेजमध्ये चेपून उभी असताना. मग दुरुस्त होण्याजोगी गाडी कागदावर ‘टोटल लॉस’ ठरते. मालकाने खिशातले पैसे घालून ती पुन्हा रस्त्यावर आणलीच, तर पुढच्या वर्षी तिला पूर्ण विमा द्यायला कोणी तयार होत नाही. हे दोन्ही थांबवणे आपल्या अधिकारात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. ते खुले ठेवले, कारण माझ्यासारखे शेकड्यांनी मालक महाराष्ट्रात हाच अनुभव एकेकट्याने घेत असतात आणि आपापल्या एजंटशी हुज्जत घालून गप्प बसतात.

जुनी मोटार म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर संस्थानिकांच्या गाड्या येतात. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते, ती पाहायला दसरा चौकात माणूस मावत नाही. पण हे पत्र त्या गाड्यांविषयी नाही. ते आहे मध्यमवर्गाने घेतलेल्या, वापरलेल्या आणि टिकवलेल्या गाड्यांविषयी : कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून बाहेर पडलेल्या फियाट, उत्तरपाड्याच्या अॅम्बॅसडर, मद्रासच्या स्टँडर्ड हेरल्ड, महिंद्राच्या विलीज जीप. ‘डुक्कर फियाट’ हे लाडाचे नाव मराठी माणसानेच दिलेले. कुर्ल्याची फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी झाली, आणि ऑक्टोबर 2023 अखेर तिची टॅक्सी म्हणून असलेली मुदत संपली. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी तिच्यावर अग्रलेखाच्या तोडीचे मजकूर लिहिले. टॅक्सी गेल्या, आता त्या घराण्यातल्या गाड्या उरल्यात त्या खासगी मालकांकडे, पुण्या-मुंबईच्या, नाशिक-सांगलीच्या घरांच्या पोर्चमध्ये. या शहरांचा एक औद्योगिक इतिहास त्या पत्र्यात आहे आणि तो जपण्याचा सगळा खर्च खासगी माणसे करत आहेत. सरकारकडे त्यांनी अनुदान मागितलेले नाही. त्यांना हवा आहे तो विमा, तोही योग्य प्रीमियम भरून.

आता व्यवस्था कशी चालते ते पाहू. आपल्यासाठी यात नवे काही नाही, पण हे पत्र वाचणाऱ्या मालकांना ते माहीत असायला हवे. खासगी मोटारीच्या पॅकेज पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विमा उतरवलेली घोषित किंमत, लिहिलेली असते. नव्या गाडीसाठी कंपनीच्या विक्री किमतीतून घसारा वजा होतो : सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, आणि असे करत पाचव्या वर्षी 50 टक्के. पाच वर्षांपुढच्या आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलसाठी मात्र नियम म्हणतो की ही किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या परस्पर संमतीने ठरावी. नियम चांगला आहे. व्यवहारात ती संमती कोणी विचारत नाही. नूतनीकरणाच्या कागदावर गेल्या वर्षीच्या आकड्यातून आणखी थोडे कापून नवा आकडा छापून येतो. वाढवून मागितला तर “सिस्टिम घेत नाही” हे उत्तर मिळते.

याच आकड्यावर पुढचे सगळे उभे असते. पॉलिसीच्या अटींनुसार दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांहून अधिक झाला, की गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ समजली जाते. आयडीव्ही खरी असेल तर ही अट न्याय्य आहे. ती नावापुरती असेल, तर एखादे मडगार्ड आणि ग्रील गेल्यानेही गाडी संपली असा हिशोब निघतो.

आमच्याकडे 1968 सालची फियाट 1100 डिलाइट आहे. गेल्या पावसाळ्यात पुण्यात एका सिग्नलला ती थांबलेली असताना डाव्या अंगाने एक टेम्पो घसरत आला. डावे मडगार्ड आत गेले, ग्रील वाकली, हेडलाइटची रिंग आणि बंपर गेला, बोनेटची कड उचलली. इंजिन, गिअर, चासी, मागचा सगळा भाग जसाच्या तसा. गाडी स्वतःच्या चाकांवर गॅरेजपर्यंत गेली.

गॅरेजवाल्याने 1,05,000 रुपयांचे एस्टिमेट दिले : सुटे भाग आणि पत्र्याचे घडवलेले भाग 78,000, मजुरी 11,000, रंगकाम 16,000. सर्व्हेअर आले. तरुण होते, नम्र होते, आणि त्यांनी त्यांचे काम नियमाने केले. गाडी दहा वर्षांहून जुनी, म्हणून भागांवर 50 टक्के घसारा; 78,000 चे 39,000 झाले. रंगाच्या एकत्रित बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्याचा निम्मा कापला. 16,000 चे 14,000 झाले. मजुरी पूर्ण धरली. सक्तीच्या वजावटीचे 1,000 गेले. कंपनीने द्यायची रक्कम आली 63,000. आमच्या पॉलिसीवरची आयडीव्ही होती 80,000, तिचे 75 टक्के म्हणजे 60,000. तीन हजारांनी गाडी टोटल लॉस झाली.

हीच गाडी खऱ्या किमतीला, समजा चार लाखांना, नोंदलेली असती तर तोच 63,000 चा खर्च सोळा टक्केही भरला नसता. कोणाच्या मनात टोटल लॉस हा शब्दही आला नसता. टेम्पोने जे मोडले ते एका मडगार्डापुरते होते. गाडी मोडीत काढली ती आकड्याने.

टोटल लॉस ठरल्यावर पर्याय समोर येतात. गाडी कंपनीच्या स्वाधीन करून आयडीव्हीची रक्कम घ्या, किंवा सॅल्व्हेजची, म्हणजे भंगाराची किंमत वजा करून गाडी स्वतःकडे ठेवा. भंगाराची किंमत खरेदीदाराच्या बोलीवर ठरते. जुन्या फियाटला ती बोली बरी लागते, कारण इंजिन, दरवाजे, काचा, मीटर, सगळ्याला गिऱ्हाईक असते. आमच्या गाडीला 35,000 ची बोली आली. म्हणजे गाडी आमच्याकडे ठेवायची तर सक्तीची वजावटही जाऊन हातात 44,000 येणार. सरळ दुरुस्तीचा क्लेम मंजूर झाला असता तर 63,000 आले असते. कागदावर नुकसान जितके मोठे झाले, तितकी भरपाई कमी झाली. हा उलटा हिशोब कोणत्याही माणसाला पटणार नाही, आणि तो आपल्या अखत्यारीतल्या पॉलिसीत रोज बसतो.

याहून गंभीर प्रश्न आरसी बुकाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 नुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने 14 दिवसांत कळवायचे आणि नोंदणी रद्द होते. टोटल लॉसच्या क्लेममध्ये कंपन्या नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागतात. चोरीच्या गाड्यांना भंगारातल्या गाड्यांचे नंबर लागू नयेत म्हणून ही काळजी घेतली जाते आणि ती रास्त आहे. पण पन्नास वर्षांच्या गाडीचे सारे अस्तित्व चासी नंबर, इंजिन नंबर आणि आरसी या तिघांच्या जुळण्यात असते. आरसी रद्द झाली की गाडी कितीही उत्तम दुरुस्त केली तरी ती पुन्हा रस्त्यावर येत नाही. आम्ही अडून बसलो, म्हणून आरसी वाचली. ज्या मालकाला हे माहीत नसते, तो सही करतो आणि गाडी कायमची जाते.

घसाऱ्याविषयी थोडे अधिक बोलते, कारण सगळ्या गुंत्याचे मूळ तिथे आहे. दुरुस्तीत जुना भाग काढून नवा बसवला तर मालकाला जुन्याच्या जागी नवे मिळते. त्या फायद्याचा वाटा त्याने उचलावा, हे घसाऱ्यामागचे तत्त्व. पाच-सात वर्षांच्या गाडीला ते चपखल बसते. जुन्या गाडीत नव्या भागाने फायदा होत नाही, बहुधा तोटा होतो. मूळचा पत्रा, मूळची ग्रील, मूळची काच यांनाच किंमत असते. बाजारात मिळणारा नकली भाग बसवला की जाणकार खरेदीदार लगेच भाव पाडतो. मालक जे गमावतो त्याचाच निम्मा भाग त्याच्या नावे फायदा म्हणून लिहिला जातो.

आमचे मडगार्ड ज्या डेंटरने केले, त्यांच्या हाताखाली मी बराच वेळ उभी होते. नवे मडगार्ड मिळणार नव्हते. कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि इथे नाना पेठेत विचारून झाले होते. त्यांनी उजव्या मडगार्डावरून कागदाचा फर्मा काढला, तो उलटा करून डाव्या बाजूला लावून पाहिला. जुन्या पत्र्याला गॅस देत, मागून डॉली धरून, पुढून हातोडीचे हलके घाव घालत त्यांनी तो गोलाई यायला लागेपर्यंत उचलला. जिथे पत्रा फाटला होता तेवढाच तुकडा कापून नवा घडवला आणि जोडला. मधूनमधून डोळे मिटून तळहात फिरवून पाहायचे. “लांबी (पुट्टी) भरून गोलाई दाखवता येते,” ते म्हणाले, “पण दोन पावसाळ्यांत ती सोडते. पत्राच सरळ हवा.” लांबीचा हात त्यांनी अगदी शेवटी, नखभर जाडीचा दिला.

आता हे काम बिलात कुठे लिहायचे? सुटा भाग म्हणून लिहिले तर निम्मे कापले जाते. मजुरी म्हणून लिहिले तर पूर्ण मिळते. पॉलिसीच्या मजकुरात याचे उत्तर नाही, म्हणून प्रत्येक सर्व्हेअर आपल्या मताने ठरवतो. आमच्या बिलात त्यातले बरेचसे भागांच्या रकान्यात गेले. तिथे ते मजुरीच्या रकान्यात गेले असते, तर भरपाईची रक्कम आणखी वाढली असती, आणि त्या 80,000 च्या आयडीव्हीपुढे गाडी आणखी ठळकपणे टोटल लॉस ठरली असती. मालकाने बरोबर हिशोब मागावा तरी तो त्याच्याच अंगावर येतो. खोटी आयडीव्ही असल्यावर नियमाचे दुसरे कोणतेही कलम नीट चालू शकत नाही.

हा कारागीर या विषयातला तिसरा पक्ष आहे आणि त्याचा विचार क्वचित होतो. हाताने पत्रा घडवणारे डेंटर, बंपरला निकेल चढवणारे, जुन्या पद्धतीने सीट शिवणारे कुशनवाले, डायनॅमो भरून देणारे इलेक्ट्रिशियन : यांची कामे आजच्या शोरूममधल्या वर्कशॉपला येत नाहीत, त्यांना लागतही नाहीत. विम्याची रास्त भरपाई या गाड्यांपर्यंत पोहोचली तर ती या माणसांच्या हातात पडते आणि त्यांच्या मुलांना हा धंदा शिकावासा वाटतो. गाडी भंगारात गेली की तिच्याबरोबर त्यांचेही एक गिऱ्हाईक जाते.

आता क्लेमनंतरचे. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो, हे ठरलेलेच आहे. पहिल्या वर्षाच्या 20 टक्क्यांपासून पाचव्या वर्षाच्या 50 टक्क्यांपर्यंत साठवलेली सवलत एका क्लेमने जाते, चूक समोरच्याची असली तरीही. ते सोसता येते. 80,000 च्या आयडीव्हीवर ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, प्रीमियमच लहान, त्यावरची सवलत ती किती असणार. धक्का बसतो तो नूतनीकरणाला. आमच्या कंपनीने कळवले की यापुढे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी मिळेल. दुसरीकडे विचारले. कुठे पंधरा वर्षांची मर्यादा आडवी आली, कुठे ऑनलाइन अर्जात आमचे मॉडेलच सापडेना, कुठे “आधी टोटल लॉस झाली होती ना?” हा प्रश्न विचारून विषय संपवला गेला. तो तीन हजारांचा फरक गाडीच्या नावावर कायमचा डाग होऊन बसला आहे.

थर्ड पार्टी विमा देणे कंपन्यांना टाळता येत नाही, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार तो प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. ओन डॅमेज देण्याची सक्ती नाही. विमा लोकपालांकडे भरपाईचा वाद नेता येतो, 50 लाखांपर्यंतचा, विनाशुल्क, आणि त्यांचे कार्यालय मुंबईत आणि पुण्यातही आहे. मालकांनी ती वाट जरूर वापरावी. पण कंपनीने प्रीमियमच घेतला नाही, तर पॉलिसी का नाकारली हे विचारायला ती वाट उपयोगी पडत नाही. टेम्पोच्या विमा कंपनीकडून भरपाई मागायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही तिथे चालतो. तिथला निकाल लागेपर्यंत गाडी गॅरेजमध्ये उघडी ठेवता येत नाही, आणि निकालाने पुढच्या वर्षीचा विमाही मिळत नाही. ज्या दारावर हा प्रश्न सुटू शकतो ते दार आपलेच आहे.

महोदय, राज्यव्यवस्थेने या गाड्यांना ओळख दिलेली आहे. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरली. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, 20,000 रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. जुनी नोंदणी असलेल्यांना आपला मूळ नंबर राखण्याची मुभा. पाठोपाठ 2022 च्या थर्ड पार्टी दरपत्रकात व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला प्रीमियममध्ये 50 टक्के सवलत मिळाली. म्हणजे आमच्या 1089 सीसीच्या गाडीसारखीला 3,416 ऐवजी 1,708 रुपये. ही सवलत स्वागतार्ह आहे. ज्या विम्याने दुसऱ्याचे नुकसान भरून निघते तो स्वस्त झाला. ज्याने ती गाडी स्वतः वाचते, त्याला मात्र हात लागलेला नाही.

तिथे अजून 2002 च्या इंडिया मोटर टॅरिफची छाया आहे. त्या टॅरिफने व्हिंटेज गाडीसाठी दोन चांगल्या गोष्टी केल्या होत्या : ओन डॅमेज प्रीमियममध्ये 25 टक्के सूट, आणि आधी ठरवलेल्या किमतीची, म्हणजे ‘अॅग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसी. टोटल लॉसला घसारा न कापता ठरलेली रक्कम द्यायची, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. इतर सर्व गाड्यांना मनाई असलेली ही पॉलिसी फक्त व्हिंटेजला खुली होती. अडचण व्याख्येची : 31 डिसेंबर 1940 पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी. ती तारीख तिथेच थांबली आहे. तिच्यामागे संस्थानिकांच्या गाड्या उरल्या आणि पुढे स्वतंत्र भारतात बनलेली प्रत्येक गाडी राहिली. कुर्ल्यात, उत्तरपाड्यात किंवा मद्रासमध्ये बनलेली एकही मोटार त्या व्याख्येत कधीच बसू शकत नाही. परिवहन खात्याच्या कागदावर व्हिंटेज असलेली गाडी विम्याच्या कागदावर निव्वळ म्हातारी, घसरत्या किमतीची गाडी ठरते.

आधी ठरवलेल्या किमतीचा विमा आपल्या कायद्याला परका नाही. 1963 च्या सागरी विमा कायद्यात ‘व्हॅल्यूड पॉलिसी’ आहे. तिथे पॉलिसीत ठरलेली किंमत, लबाडी नसेल तर, दोन्ही पक्षांना बांधील असते. चित्रे आणि दुर्मीळ वस्तू यांचा विमाही मूल्यांकनाच्या अहवालावर उतरवला जातो. जुन्या मोटारींपुरते पाहायचे तर ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांची गाडी झाली की ती ऐतिहासिक वाहन म्हणून रस्ता करातून सुटू शकते आणि क्लासिक गाड्यांना ठरलेल्या किमतीच्या पॉलिसी सर्रास मिळतात. जर्मनीत तीस वर्षांपुढच्या, मूळ स्थितीतल्या गाडीला नंबराअखेर ‘एच’ मिळतो आणि विम्यासाठी तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल जोडला जातो. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, फिव्हाची, वयाची किमान अटही तीस वर्षे आहे. सगळीकडे वर्षे पुढे सरकतात. एका तारखेला खुंटी मारून कोणी बसलेले नाही.

विमा कंपन्यांचे आक्षेप मी ऐकले आहेत आणि त्यांत तथ्य आहे. पहिला आक्षेप लबाडीचा : किंमत फुगवून लिहायची आणि गाडी पेटवून द्यायची. यावर उपाय मूल्यांकनातच आहे. स्वतंत्र मूल्यांककाचा अहवाल, सर्व बाजूंचे आणि चासी-इंजिन नंबरांचे फोटो, दर तीन वर्षांनी फेरतपासणी, आणि गाडी बंद जागेत उभी करण्याची अट. यापेक्षा कमी कागदांवर आज आठ लाखांच्या नव्या गाड्यांचा विमा फोनवरून उतरतो. दुसरा आक्षेप सुट्या भागांचा : मिळत नाहीत, म्हणून खर्चाचा अंदाज येत नाही. तो खर्च मुख्यतः कारागिराच्या मजुरीचा असतो आणि त्याचे दर गावोगावचे डेंटर सांगू शकतात. तिसरा आक्षेप संख्येचा : गाड्या थोड्या, त्यासाठी वेगळे उत्पादन परवडत नाही. इथे आपणच वाट करून दिली आहे. जुलै 2022 मध्ये चालवल्याइतका प्रीमियम आणि एकाच मालकाच्या अनेक गाड्यांना मिळून एक पॉलिसी या दोन्ही गोष्टींना प्राधिकरणाने मान्यता दिली. 2024 च्या उत्पादनविषयक नियमांनी कंपन्यांना नवी पॉलिसी बाजारात आणायला आणखी मोकळीक दिली. वर्षाकाठी दीड-दोन हजार किलोमीटर, तेही रविवारी सकाळी, चालणाऱ्या गाडीसाठी यातल्या पहिल्या तरतुदीइतके सोयीचे दुसरे काही नसेल. कंपन्या स्वतःहून पुढे येत नाहीत एवढेच.

म्हणून प्राधिकरणाने पुढील गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली, ओन डॅमेज विम्यासाठी 1940 ची तारीख रद्द करून 2021 च्या नियमांतली पन्नास वर्षांची सरकती व्याख्या घ्यावी, आणि तीस ते पन्नास वर्षांच्या जपलेल्या गाड्यांसाठी ‘क्लासिक’ असा दुसरा वर्ग करावा. हा लाभ केवळ व्हिंटेज नोंदणीवर अवलंबून ठेवू नये. त्या नोंदणीत गाडी रोजच्यासारखी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. जो मालक आपली अॅम्बॅसडर आठवड्यातून एकदा बाजाराला नेतो, त्यालाही विम्याचे संरक्षण हवे.

दुसरी, या दोन्ही वर्गांत मूल्यांकन अहवालावर ठरलेल्या किमतीची पॉलिसी मागण्याचा हक्क मालकाला असावा आणि प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीने ती द्यावी.

तिसरी, अशा पॉलिसीत सुट्या भागांवर वयानुसारचा घसारा लागू नसावा, आणि हाताने घडवलेल्या भागाचे काम मजुरीत धरावे, हे मजकुरातच लिहावे.

चौथी, मालकाच्या लेखी संमतीशिवाय अशी गाडी टोटल लॉस ठरवू नये. ती ठरलीच तर गाडी आणि आरसी स्वतःकडे ठेवून दुरुस्त करण्याचा पहिला हक्क मालकाचा असावा. दुरुस्तीनंतर परिवहन कार्यालयाने गाडी तपासून योग्य ठरवली, तर आधीच्या टोटल लॉसच्या नोंदीवरून पुढचा विमा नाकारू नये.

पाचवी, एका क्लेमच्या कारणावरून ओन डॅमेजचे नूतनीकरण नाकारायचे असेल, तर कंपनीने कारण लेखी द्यावे आणि ते लोकपालांसमोर तपासता यावे. प्रीमियम वाढवावा, वजावट वाढवावी, फेरतपासणी मागावी. आम्ही ते मान्य करू. दार मात्र बंद करू नये.

सहावी, भारतीय विमा सर्व्हेअर संस्थेच्या मदतीने जुन्या गाड्यांच्या मूल्यांकनासाठी सर्व्हेअरांची वेगळी यादी करावी आणि तिच्या प्रशिक्षणात दोन-चार जाणते डेंटर बोलवावेत. आमच्याकडे आलेल्या त्या तरुण सर्व्हेअरला कोणी हे शिकवले असते, तर त्यांनी नक्कीच वेगळा अहवाल लिहिला असता.

मालकांच्या बाजूनेही कबुली हवी. मूल्यांकनाचा खर्च आम्ही भरू. गाडी बंद जागेत ठेवू. किलोमीटरची मर्यादा पाळू. मूळ भाग बदलले तर कळवू. खऱ्या किमतीवर येणारा, आजच्यापेक्षा कितीतरी जास्त प्रीमियम आनंदाने भरू. आजची स्वस्त पॉलिसी आम्हाला नको आहे, कारण ती गरजेच्या वेळी गाडीविरुद्धच साक्ष देते.

या मागण्यांपैकी एकीलाही संसदेत नवा कायदा लागत नाही. त्यांतले बहुतेक प्राधिकरणाच्या परिपत्रकाने होऊ शकते, सहावी मागणी तर एका पत्राने. आपल्या कार्यालयाने या विषयावर मालकांचे क्लब, सर्व्हेअर, कारागीर आणि कंपन्या यांची एक बैठक बोलवावी आणि मसुदा लोकांसमोर सूचनांसाठी ठेवावा. आमचे कागद, आमच्या बिलांच्या प्रती आणि सर्व्हे अहवाल घेऊन आम्ही हैदराबादला यायला तयार आहोत.

आपली नम्र,
पुण्यातील एक विमाधारक आणि फियाट 1100 ची मालकीण